जिम लावावी की नाही? बॉक्सरचं वेट ट्रेनिंग आणि 'श्री'वाल्यांचं वेट ट्रेनिंग

ठाण्यात बॉक्सिंग शिकणाऱ्या मुलांच्या घरून एक प्रश्न हमखास येतो: "सर, जिम लावू का त्याला?" जुने कोच ताडकन नाही म्हणतात. वेट मारलं की अंग जड होतं, हात बांधले जातात, पंच बसत नाही, नुसता ढकलल्यासारखा लागतो, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. जिममधला ट्रेनर म्हणतो, ताकदच नसेल तर समोरचा पडणार कसा? दोघंही मनापासून बोलतात आणि दोघांचंही बरोबर असतं, कारण दोघं बोलत असतात वेगवेगळ्या व्यायामांबद्दल. एक अंग कमावण्याचा आणि दुसरा ताकद कमावण्याचा. बार तोच, प्लेट्स त्याच, म्हणून बघणाऱ्याला फरक कळत नाही.

आपल्याकडे हा घोळ जरा जास्तच आहे, कारण इथल्या जिमवर 'श्री' स्पर्धांची छाप आहे. गल्लीतल्या मंडळापासून महाराष्ट्र श्रीपर्यंत शरीरसौष्ठवाची मोठी परंपरा आपल्याकडे आहे आणि तिचा अभिमान वाटावा अशीच ती आहे. पण त्या मुशीतून आलेला ट्रेनर समोर कोणीही आला तरी तोच तक्ता हातात देतो. सोमवारी चेस्ट, मंगळवारी बॅक, बुधवारी शोल्डर. प्रत्येक व्यायामाचे चार सेट, म्हणजे चार फेऱ्या, दर फेरीत दहा-बारा रेप्स, म्हणजे तितक्या वेळा वजन उचलायचं, मध्ये मिनिटभर दम, आणि शेवटच्या रेपला स्नायू पेटलाच पाहिजे. स्नायूचा आकार वाढवायला ही पद्धत उत्तम. 'श्री'च्या स्टेजवर गुण आकाराला, प्रमाणबद्धतेला आणि रेखीवपणाला असतात, तेव्हा तिथे हे चोख आहे. रिंगमध्ये मात्र तुमचा बायसेप किती इंची, हे कोणी विचारत नाही.

ताकदीच्या व्यायामात गणित वेगळं. वजन जास्त, म्हणजे एकदाच जेमतेम उचलता येईल त्याच्या 80 ते 90 टक्के. रेप्स तीन ते पाच. मध्ये तीन-चार मिनिटं निवांत बसायचं. स्नायू पेटायच्या आधी, अजून एक-दोन रेप्स हातात असतानाच थांबायचं. बाजूचा मुलगा घामाघूम आणि हा आपला बाकावर बसून पाणी पितोय, असं दृश्य असतं, त्यामुळे ट्रेनरलाही वाटतं की हा टाइमपास करतोय. पण इथे बदल मुख्यतः मज्जातंतूंमध्ये होतो. मेंदू एका वेळी जास्त स्नायूतंतू कामाला लावायला शिकतो, तेही लवकर. म्हणून ताकद वाढते आणि वजनकाटा फारसा हलत नाही.

बॉक्सरला नेमकं हेच हवं असतं. क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ पंच, नीट बघा. मागच्या पायाचा चवडा जमीन ढकलतो, कंबर फिरते, खांदा पुढे येतो आणि हात सगळ्यात शेवटी सुटतो. सोव्हिएत अभ्यासकांनी बॉक्सर्सच्या सरळ पंचाचं मोजमाप केलं, ते 1985 साली प्रसिद्ध झालं. वरच्या दर्जाच्या खेळाडूंमध्ये पायांचा वाटा 38 टक्क्यांच्या आसपास निघाला, जवळपास तितकाच धडाच्या फिरकीचा, आणि हाताचा साधारण 24. नवख्या मुलांमध्ये पायांचा वाटा यापेक्षा बराच कमी होता. थोडक्यात, पंच जोरदार व्हावा म्हणून ज्या ट्रायसेप्सवर आपण तासभर घालवतो, त्यांचा यातला हिस्सा सर्वांत लहान.

दुसरा मुद्दा वेळेचा. पायांनी पूर्ण जोर लावायला शरीराला सेकंदाचा तिसरा हिस्सा तरी लागतो. पंचाला एवढी सवड नसते. त्यामुळे 'किती जोर आहे' याइतकंच 'तो किती लवकर काढता येतो' हे महत्त्वाचं. जड स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक), डेडलिफ्ट (बार जमिनीवरून उचलणं) पहिल्याची सोय करतात. मेडिसिन बॉल, म्हणजे व्यायामाचा जड चेंडू, भिंतीवर फेकणं, उड्या, हलकं वजन झटक्यात ढकलणं दुसऱ्याची. नुसतं जड उचलून थांबलात तर अर्धंच काम झालं. चढ धावणं हे आपलं वेगळं खातं आहे. उपवनहून येऊरचा चढ रोज पळणाऱ्या मुलाचे पाय दमदार होतील, पण स्क्वॉटचं काम तो चढ करणार नाही.

आणखी एक बारकावा मला फार आवडतो. कॅनडातले स्टुअर्ट मॅकगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये लढवय्यांच्या स्नायूंतले विद्युत संकेत मोजले. तरबेज लढवय्याचे स्नायू प्रहारात दोनदा आवळतात असं त्यांना दिसलं. सुरुवातीला एकदा, मग मध्ये ढिले पडतात म्हणून हात वेगात जातो, आणि लागतानाच्या क्षणी पुन्हा आवळून सगळं अंग त्या मुठीमागे उभं राहतं. मधला तो ढिलेपणा गेला की वेग गेला. 'हात बांधले जातात' ही जुन्या कोचची तक्रार इथेच खरी ठरते. स्नायू मोठा झाला म्हणून हात मंदावत नाही. महिनोन्महिने संथ, ताणून धरलेल्या रेप्स मारायच्या आणि दुखऱ्या अंगाने पॅडवर यायचं, त्याने मंदावतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर चेस्ट मारून आलेल्या मुलाचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ पंच, बघा. जाताना ठीक जातो, परत येताना हनुवटीशी न येता छातीपर्यंतच येतो. दुसऱ्या राउंडला कोपरं बाहेर पडतात. तिसऱ्या राउंडला गार्ड, म्हणजे चेहरा झाकणारे हात, इतका खाली असतो की समोरच्याला हुक (बाजूने येणारा पंच) मारायचं आमंत्रणच. त्याला ओरडून सांगितलं, "अरे हात वर!" तर तो वर घेतो आणि दोन सेकंदांत पुन्हा खाली. त्यात त्याचा आळस नसतो, खांदे सकाळीच संपलेले असतात.

मग वजनगटाचा प्रश्न. हौशी बॉक्सिंगमध्ये लढतीच्या दिवशी सकाळी वजन होतं, त्यामुळे आदल्या दिवशी पाणी तोडून दुसऱ्या दिवशी भरून काढायला वाव नसतो. पॅरिस ऑलिम्पिकचे पुरुषांचे मधले गट बघा: 57, 63.5, 71, 80 किलो. समजा मुलगा 63 किलोचा आहे आणि जिमने त्याला तीन किलो छाती-दंड दिले. आता तो 66 चा, म्हणजे 71 च्या गटात, जिथे समोरचे मुळात उंच आणि हाडापेराने मोठे. आरशात कमावलेलं रिंगमध्ये गमावलं.

अर्थात वजन वाढवणंच गरजेचं असेल तेव्हा पारडं फिरतं. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये महिलांचे तीनच गट होते, 51, 60 आणि 75. मेरी कोमची विश्वविजेतेपदं त्याखालच्या गटांतली, म्हणून तिला 51 मध्ये यावं लागलं आणि तिथेही तिने कांस्य आणलं. लवलीना बोरगोहाईंचं टोकियोचं कांस्य 69 किलोतलं. तो गट ऑलिम्पिकमधून गेल्यावर ती 75 मध्ये गेली आणि 2023 मध्ये दिल्लीत विश्वविजेती झाली. अमेरिकेचा इव्हँडर होलीफिल्ड क्रूझरवेटमधून त्यावरच्या हेवीवेट गटात जाताना तर शरीरसौष्ठवात आठ वेळा मिस्टर ऑलिम्पिया झालेल्या ली हेनीची मदत घेत होता, आणि 1990 मध्ये बस्टर डग्लसला हरवून तो हेवीवेटचा विजेता झाला. तेव्हा अंग कमावणं बॉक्सरला वर्ज्य आहे असं मी म्हणणार नाही. फक्त ते कशासाठी चाललंय हे आधी ठरलेलं हवं, आणि वरच्या गटात जायचं असेल तर घाई नको.

उलट टोकाचं उदाहरण जून 2019 चं. न्यूयॉर्कमध्ये हेवीवेटची लढत, एका बाजूला कोरीव शरीराचा अँथनी जोशुआ, दुसऱ्या बाजूला पोट सुटलेला अँडी रुईझ. रुईझच्या भरभर हातांनी जोशुआला सातव्या राउंडमध्ये थांबवलं. डिसेंबरच्या परतीच्या लढतीत जोशुआ पाच किलोच्या आसपास हलका होऊन आला आणि रुईझ आणखी जड; या वेळी जोशुआ गुणांवर जिंकला. वजन उतरवल्यामुळेच जिंकला असं नाही, डावपेचही बदलले होते. पण शरीर बघून निकाल सांगणाऱ्यांनी या दोन लढती लागोपाठ बघाव्यात.

हातात डंबेल घेऊन शॅडो, म्हणजे समोर कोणी नसताना हवेत पंच मारण्याचा सराव, करण्याबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे: बंद करा. डंबेलचं वजन खाली ओढतं, पंच जातो पुढे. खांद्याचा पुढचा भाग ते वजन तोलण्यातच दमतो आणि शेवटी कोपर झटक्याने उघडू नये म्हणून हात आपोआप ब्रेक लावायला शिकतो. हेच नको असतं.

तर जिम लावायची असेल तर आठवड्यातून दोन दिवस पुरे. स्पारिंगच्या, म्हणजे सरावाच्या लढतीच्या दिवशी सकाळी तर अजिबात नाही. त्याच दिवशी करायचंच असेल तर बॉक्सिंग आधी, वजन नंतर. स्क्वॉट किंवा डेडलिफ्ट, पुलअप, एक ढकलण्याचा व्यायाम, मेडिसिन बॉल, मानेसाठी थोडं काही, झालं. पंधरा वर्षांच्या मुलाला आधी डंड-बैठका आणि पुलअप नीट येऊ देत. वजनाने उंची खुंटते ही भीती निराधार आहे, पण चुकीच्या पद्धतीने उचलून पाठ धरते ती खरी. लढतीच्या आठवड्यात सेट निम्मे करा.

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या जिममध्ये अडचण वेगळीच येते. बार जमिनीवर टेकवला की खालच्या मजल्यावरून फोन, आणि बॉल भिंतीवर मारायचा म्हटलं तर प्रत्येक भिंतीला आरसा. बॉलसाठी मैदानातली भिंत शोधा. ट्रेनरला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की मुलगा बॉक्सर आहे, वजनगट अमुक, आणि त्याला 'पंप', म्हणजे स्नायू फुगवणं, नकोय. सहा-आठ आठवड्यांनी तीन गोष्टी तपासा: वजनकाटा, बॉल किती लांब जातो, आणि तिसऱ्या राउंडला हात कुठे असतात. काटा वर गेला आणि हात खाली आले असतील, तर ट्रेनरने तोच सोमवारी-चेस्टवाला तक्ता दिलाय असं समजा.