पूर्व इंडीजचे पॅट्रिआर्क : पार्श्वभूमी

गोव्याच्या आर्चबिशपांची पूर्ण बिरुदावली वाचायला दम लागतो: गोवा आणि दमणचे आर्चबिशप, क्रांगानोरचे मानद आर्चबिशप, पूर्वेचे प्रायमेट (म्हणजे पहिल्या मानाचे बिशप), पूर्व इंडीजचे पॅट्रिआर्क. यातले शेवटचे सर्वांत भारदस्त, आणि अधिकाराच्या हिशेबाने सर्वांत पोकळ.

घोळ शब्दातच आहे. पूर्वेकडच्या चर्चमध्ये पॅट्रिआर्क हा खरोखरीचा प्रमुख असतो. त्याची निवड तिथल्या बिशपांची सभा करते. लॅटिन, म्हणजे पश्चिमेकडच्या रोमन, परंपरेत व्हेनिस, लिस्बन किंवा गोव्याला पॅट्रिआर्क म्हटले तरी हाती येतो तो फक्त मान. मराठीत ‘कुलपती’ म्हणावे तर विद्यापीठ डोळ्यांसमोर येते, म्हणून मूळ शब्दच बरा.

१५३४ साली स्थापन झालेल्या गोवा धर्मप्रांताची हद्द केप ऑफ गुड होपपासून चीनपर्यंत मानली जाई. पुढे ती आक्रसत गेली. पाद्रोआदो, म्हणजे बिशप सुचवण्याचा पोर्तुगीज राजाचा हक्क, हे भांडणाचे मूळ. १८३८ मध्ये रोमने कोचीन, क्रांगानोर, मैलापूर आणि मलाक्का इथला हा अधिकार काढून घेतला. गोव्याच्या पाठीराख्यांनी तो आदेश झुगारला. तडजोड झाली ती रोम आणि पोर्तुगाल यांच्यातल्या १८८६ च्या करारात. पोर्तुगालने बऱ्याच प्रदेशावरच्या हक्कावर पाणी सोडले आणि गोव्याच्या आर्चबिशपांना पॅट्रिआर्कपद मिळाले. सन्मान म्हणून याचा गौरव होतो. मला मात्र ती जमीन गेल्यावर हाती ठेवलेली मानाची शाल वाटते. त्याच वेळी नव्या दमण धर्मप्रांताच्या बिशपांना क्रांगानोरचे, म्हणजे केरळातल्या कोडुंगल्लूरचे, मानद आर्चबिशपपद देण्यात आले. तिथला कारभार त्यांच्याकडे नव्हताच.

मुंबईत तर एकाच शहरात पाद्रोआदोची आणि थेट रोमची अशा दोन सत्ता नांदत होत्या. १९२८ च्या करारात ते मिटले: दमण गोव्याला जोडले गेले, क्रांगानोरचे बिरुद त्यासोबत आले, आणि मुंबईला आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश आर्चबिशप नेमायचे ठरले. भारतीय धर्मप्रांतांवरचे उरलेसुरले हक्क पोर्तुगालने १९५० मध्ये सोडले.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतर पॅट्रिआर्क लिस्बनकडे निघून गेले, पण राजीनामा आला थेट १९७५ साली. त्यांच्या जागी गोमंतकीय आर्चबिशप १९७८ मध्ये नेमले गेले. २००६ साली गोव्याचा चर्चच्या रचनेत स्वतंत्र प्रांत झाला, तेव्हा पूर्व इंडीजच्या पॅट्रिआर्कांच्या अखत्यारीत दुय्यम धर्मप्रांत आला तो एकच: सिंधुदुर्ग.