युरोपियमचे स्फटिक आणि क्वांटम गणनेतील चुका : पार्श्वभूमी

सांगलीशेजारच्या मिरजेत, सतारमेकर गल्लीत तंबोरे जुळवले जात असताना एकाची तार छेडली, की भिंतीला टेकलेल्या दुसऱ्या तंबोऱ्याची त्याच स्वरातली तार आपोआप झंकारते. तिचा स्वर थोडा उतरलेला असेल, तर ती मुकी राहते. युरोपियमसारख्या दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचे आयन (विद्युतभारित अणू) मिसळलेल्या स्फटिकांत क्वांटम गणना करण्याची कल्पना याच गुणावर, म्हणजे अनुनादावर, उभी आहे आणि तिच्यातील पुष्कळशा चुकांचे मूळही तेथेच आहे.

इट्रियम सिलिकेटच्या स्फटिकात इट्रियमची जागा घेणारा युरोपियमचा आयन आकाराने किंचित मोठा असतो. त्यामुळे भोवतालची रचना ताणली जाते, हा ताण जागोजागी निराळा असतो आणि म्हणून प्रत्येक आयन थोड्या वेगळ्या वारंवारतेचा प्रकाश शोषतो. १९६४ मध्ये कोलंबिया विद्यापीठात कर्निट, अबेला आणि हार्टमन यांनी माणकाच्या स्फटिकात प्रकाशाचा प्रतिध्वनी दाखवला, तेव्हा अशी पांगलेली लय दुसऱ्या लेसर स्पंदाने पुन्हा जुळवता येते हे सिद्ध झाले. २००२ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे ओल्सन, मोहन आणि क्रोल यांनी त्याही पुढे जाऊन हा विखुरलेपणाच कामाला लावण्याचा आराखडा मांडला : वारंवारता वेगळी म्हणजे पत्ता वेगळा, आणि पत्ता वेगळा म्हणजे क्यूबिट (क्वांटम संगणकातील माहितीचे एकक) वेगळा.

मात्र एका पत्त्यावर धाडलेला स्पंद जवळच्या वारंवारतेच्या आयनांनाही थोडा हलवतो. शिवाय आयन उत्तेजित झाला, की त्याचा विद्युत द्विध्रुव (धन आणि ऋण भारांची मांडणी) बदलतो आणि शेजारच्या आयनाची वारंवारता सरकते. दोन क्यूबिटांमधील क्रियेसाठी हेच सरकणे हवे असते. नको तो आयन उत्तेजित झाला, तर तेच चूक ठरते. आयन विरळ ठेवावेत तर शेजाऱ्यांमधील दुवा क्षीण होतो, दाट करावेत तर ताण आणि गोंगाट वाढतो. या विषयाची खरी गाठ मला येथे दिसते.

दुसरा गोंगाट खुद्द स्फटिकाचा आहे. इट्रियमचे प्रत्येक अणुकेंद्र म्हणजे एक इवलेसे चुंबक. ही चुंबके आपापसांत दिशा बदलत राहतात आणि युरोपियमभोवतीचे चुंबकीय क्षेत्र थरथरत राहते. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील गटाने स्फटिक २ केल्विन तापमानाला ठेवून, ज्याच्यात ही थरथर क्यूबिटच्या वारंवारतेला जवळजवळ लागत नाही असे बाह्य क्षेत्र निवडून आणि रेडिओ स्पंदांची मालिका देऊन युरोपियमच्या अणुकेंद्रातील सुसंगती, म्हणजे क्वांटम स्थितीची न बिघडलेली लय, सुमारे सहा तास टिकवली. हा मोठा पराक्रम आहे, पण त्यावरून संगणक हाताशी आला असे मानणे योग्य नाही, कारण सहा तास ही साठवणीची मुदत आहे. क्रिया करताना आयनाला प्रकाशाने वरच्या पातळीवर न्यावे लागते आणि तेथे युरोपियम सरासरी २ मिलिसेकंदांच्या आसपासच टिकतो. स्पंद सावकाश दिला तर आयन मध्येच खाली येण्याचा धोका वाढतो. घाईने दिला तर स्पंदाचा वारंवारतापट्टा रुंदावतो आणि शेजारचे आयन जागे होतात. त्यातच लेसरची वारंवारता डळमळली किंवा शीतयंत्राचे कंप स्फटिकापर्यंत पोचले, तर क्यूबिटची कला (आंदोलनातील त्याचे नेमके स्थान) त्या एका स्पंदातच बिघडते.