ऑनिंगच्या ॲल्युमिनियम दांड्यांची निगा

ऑनिंग म्हणजे उन्हापावसासाठी पुढं काढलेलं कापडी छप्पर. त्याला आधार देणारा दांडा म्हणजे एकात एक सरकणारे दोन पाइप. सरकत नाहीत म्हणून जे दांडे आमच्याकडे येतात, त्यातल्या बहुतेकांत आधी कुणीतरी तेल नाहीतर ग्रीस घातलेलं असतं. चार दिवस दांडा मस्त चालतो. मग तेलाला रस्त्याची धूळ चिकटते, गळीत हंगामात कारखान्यांची काळी राख येऊन बसते आणि दोन पाइपांच्या मधे खरखरीत राडा होतो. म्हणून पहिली विनंती: दांड्यात तेल घालू नका.

महिन्यातून एकदा दांडे पूर्ण उघडा. आधी नुसत्या पाण्यानं माती जाऊ द्या. कोरडं पुसलंत तर तीच माती ओरखडे काढते. मग कोमट पाण्यात भांड्यांचा सौम्य लिक्विड साबण आणि मऊ स्पंज. स्प्रिंगचा खटका आणि त्याचं भोक जुन्या टूथब्रशनं साफ करा, घाण खरी तिथंच दडते. धुतल्यावर तोंड खाली करून उभे ठेवा, पाणी निथळू दे. पूर्ण वाळल्यावरच आतल्या पाइपावर सिलिकॉन स्प्रेचा हलका फवारा मारा आणि जादाचा कापडानं टिपून घ्या.

तारेची घासणी, कॉस्टिक सोडा, फरशीचं ॲसिड यातलं काही लावू नका. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तोच त्याचं रक्षण करतो. ॲसिड आणि सोडा दोन्ही तो खातात. दिवाळीआधी भिंतीला चुना मारताना दांडे झाकायला बरेचजण विसरतात. चुन्याचे किंवा ओल्या सिमेंटचे शिंतोडे उडाले तर लगेच धुवा, एकदा पडलेला डाग निघत नाही.

बिनकोटिंगचा दांडा पुसताना कापडाला काळं लागतं. त्यात बिघाड काही नाही.

हरवलेल्या स्क्रूच्या जागी साधा लोखंडी स्क्रू मारू नका. पावसाळ्यात ओल धरली की त्याच्याभोवतीचं ॲल्युमिनियम पांढरं पडून झिजतं. स्टेनलेस स्टीलचा स्क्रू आणि खाली नायलॉनचा वॉशर घ्या.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर पंचगंगेचा गाळ दांड्यांत वाळून घट्ट बसला होता. पुराचं पाणी लागलं तर गाळ ओला असतानाच आतून धुऊन काढा. वाळून अडकलाच तर रात्रभर साबणाच्या पाण्यात ठेवून हलक्या हातानं पिळत ओढा. हातोडा नको, पाइप पातळ असतो आणि पोचा आला की आतला पाइप पुन्हा सरकत नाही. वाकलेला दांडा आम्ही सरळ करून देत नाही. त्या जागी तो कमजोर होतो आणि वळवाच्या वाऱ्यात तिथंच मोडतो. तेवढाच पाइप बदलून मिळतो.