नदीकाठच्या जुन्या खोलीला सिमेंट लावू नका

गोव्यात मांडवी, जुवारी, शापोरा, कुठल्याही नदीच्या काठाने जा, जुन्या धक्क्याजवळ एखादी एकखणी खोली दिसतेच. चिऱ्याच्या भिंती, वर नळे म्हणजे कौलं, कधीकाळी जकातीची नाहीतर तारीवाल्याची असेल, आता झाडीत हरवलेली. गावातली माणसं एकत्र येऊन अशी खोली वाचवायला उभी राहतात तेव्हा मला खरंच भरून येतं. पण काळजीही वाटते, कारण उत्साहाच्या भरात सगळ्यात आधी सिमेंटचा गिलावा मारला जातो, आणि भिंतीचा घात तिथेच होतो.

चिरा म्हणजे जांभा, भोकाभोकांचा दगड. पायाशी खारी ओल असतेच, ती दगडातल्या केसाहून बारीक वाटांनी वर चढते आणि सोबत मीठ नेते. पाणी हवेत उडून जातं, मीठ मात्र तिथेच साठत राहतं. आता या मिठाचा स्वभाव बघा: हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून विरघळतं, खाली आली की परत त्याचे स्फटिक होतात. पावसाळ्यात आपली हवा बहुतेक वेळ या आकड्याच्या वरच, पण डिसेंबर-जानेवारीत रात्री वर नि दुपारी खाली असं रोजचं चालू, आणि प्रत्येक वेळी स्फटिक वाढताना दगडाच्या छिद्रांना आतून रेटतो, मग कण सुटतात, पोपडे पडतात. भिंतीला लोणा लागला म्हणतात तो हाच.

यावर सिमेंट मारलं की ओलीला बाहेर पडायला जागाच राहत नाही. ती आणखी वर चढते, मीठ गिलाव्याच्या मागे, थेट चिऱ्यात साठतं, आणि काही पावसाळ्यांनी गिलावा फुगून पडतो तेव्हा दगडाचा थर सोबत घेऊनच पडतो. शिवाय सिमेंटमध्ये स्वतःचे विरघळणारे क्षार असतात ते वेगळेच!

पोर्टलंड सिमेंटचं, म्हणजे आपल्या नेहमीच्या सिमेंटचं, पेटंटच मुळात 1824 चं. पणजी-रायबंदरमधला चिऱ्याचा जुना पूल 17 व्या शतकातला, मिठागरं आणि खारफुटीतून जातो, आणि अजून त्यावरून गाड्या धावतात. तेव्हाचं बांधकाम चुन्याचं. आपल्याकडे चुना शिंपल्यांपासूनही करत. शिंपली म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ती भट्टीत 900 अंशांच्या आसपास भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो, त्यात पाणी घातलं की तो उकळून विरतो (तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवाच हवा), आणि भिंतीवर चढल्यावर हवेतून तोच वायू परत घेत घेत पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. याला महिने लागतात, आणि त्यासाठी गिलावा थोडा दमट राहावा लागतो, म्हणून सुरुवातीला ओली गोणपाटं लावायची. असा गिलावा ओल बाहेर सोडतो, मीठ बरंचसं स्वतःत घेतो आणि हळूहळू झिजतो. झिजू दे, तो परत करता येतो, चिरा नाही.

मीठ आधी काढायचं असेल तर कागदाचा लगदा स्वच्छ पाण्यात भिजवून भिंतीवर जाड थापायचा, सुकताना तो मीठ ओढून घेतो, मग काढून नवा लावायचा. मीठ कमी होतंय का ते गावातल्या हायर सेकंडरीच्या लॅबमध्ये कळतं: काढलेला लगदा डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवून ते पाणी गाळायचं, त्यात पातळ नायट्रिक आम्लाचे थेंब, मग सिल्व्हर नायट्रेट, पांढरा साका आला की क्लोराइड आहे. साका दर खेपेला कमी व्हायला हवा. मुलांनी सरांच्या देखरेखीखाली हे जरूर करावं, पुस्तकातला प्रयोग गावाच्या कामी येतो याहून छान काय! आणि हो, खाडीची रेती नि खाजनाजवळच्या (बांध घालून भरतीचं पाणी अडवलेल्या सखल जमिनीजवळच्या) विहिरीचं पाणी गिलाव्यात अजिबात नको, नाहीतर काढलेलं मीठ आपणच परत घालू.

नळे आणि वासे मात्र लगेच बघा, वरून गळत असेल तर भिंतीचं सगळं काम फुकट. भरतीरेषेजवळची जागा सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारी नियमन क्षेत्रात येते, म्हणून दुरुस्तीलासुद्धा किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे आधी विचारा आणि खोली कोणाच्या नावावर आहे तेही तपासा. कागदांची ही धावपळ पावसाळ्यातच उरकली तर दिवाळीनंतर भिंत सुकायला लागली की थेट चुना भिजवायला घेता येईल.