सीलिअ‍ॅकचा रिपोर्ट आणि घरातला गहू

'टीटीजी-आयजीए' समोर १४२, शेजारी 'नॉर्मल २० पेक्षा कमी', आणि तो आकडा ठळक अक्षरांत. सीलिअ‍ॅक म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आपलीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याला इजा करते तो आजार, आणि ही त्याची रक्ताची चाचणी. नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या एखाद्या लॅबमधून असा रिपोर्ट मोबाइलवर आला, की घरातला पहिला निर्णय ठरलेला असतो: आजपासून पोळी बंद. नेमकं हेच करू नका. सगळ्या तपासण्या होईपर्यंत गहू सोडायचा नाही, आणि निदान पक्कं झालं की एका घासाचीही सूट घ्यायची नाही. हा क्रम उलटला की पुढे फार त्रास होतो.

गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य) यांत ग्लूटेन ही प्रथिनं असतात. ती पूर्ण पचत नाहीत. काही तुकडे लहान आतड्याच्या अस्तरात शिरतात. तिथे आपल्याच शरीरातलं ट्रान्सग्लुटामिनेज हे एन्झाइम त्या तुकड्यांत थोडा बदल करतं. डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुकं असलेल्या काही लोकांची प्रतिकारशक्ती मग त्या तुकड्यांवर तुटून पडते आणि त्या भरात एन्झाइमविरुद्धही अँटिबॉडी (हल्ला करणारी प्रथिनं) तयार करते. टीटीजी चाचणी मोजते त्या याच. गहू थांबला की अँटिबॉडी उतरू लागतात, आतडं भरून येऊ लागतं, आणि आजार असूनही तपासण्या खोट्या 'नॉर्मल' येऊ शकतात. मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली सहा-आठ आठवडे पुन्हा रोज गहू खाऊन तपासावं लागतं. ज्याला गहू सोडून नुकतंच बरं वाटायला लागलंय, त्याच्यासाठी ही शिक्षाच.

आकडा वाचताना तो त्याच लॅबच्या मर्यादेशी ताडायचा. दुसऱ्या लॅबच्या रिपोर्टशी नाही, कारण प्रत्येक किटचं मोजमाप वेगळं. मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल, तर सीलिअ‍ॅक असण्याची शक्यता फार मोठी. मर्यादेच्या जेमतेम वर असेल, तर टाइप १ मधुमेह किंवा यकृताच्या आजारातही तसं दिसू शकतं. आणि अगदी नॉर्मल आला, तरी सोबत 'टोटल आयजीए' तपासलंय का ते बघा. काहींच्या शरीरात आयजीए हा अँटिबॉडीचा प्रकार मुळातच तयार होत नाही, आणि सीलिअ‍ॅकच्या रुग्णांत असे लोक दर शंभरात दोन-तीन सापडतात. त्यांची टीटीजी-आयजीए चाचणी निगेटिव्हच येणार. त्यांना आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या अँटिबॉडीची चाचणी लागते. जनुकांची चाचणी उपयोगी पडते ती मुख्यतः नकारासाठी: दोन्ही जनुकं नसतील तर सीलिअ‍ॅक जवळपास नाहीच. असतील तर त्यावरून काही ठरत नाही. भारतात उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भागांत झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिन्हीकडे साधारण दर तिसऱ्या माणसाकडे ही जनुकं होती, पण आजार उत्तरेत १.२३ टक्के तर दक्षिणेत ०.१० टक्के. मोठा फरक रोजच्या गव्हाचा होता. ज्वारीची भाकर मागे पडून पोळी रोजची झालेल्या आपल्या विदर्भानं याची दखल घ्यावी असं मला वाटतं. हिमोग्लोबिन कमी आलं की आपल्याकडे सिकलसेलचा विचार होतो, आणि तो व्हायलाच हवा. पण लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल किंवा मुलाची उंची खुंटली असेल, तर टीटीजीही करून घ्यावी. जुलाब असलेच पाहिजेत असं नाही.

मोठ्यांमध्ये निदान सहसा एंडोस्कोपीनं पक्कं करतात. आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून चार-सहा बारीक तुकडे घेतात, कारण झालेलं नुकसान सगळीकडे सारखं नसतं. या तुकड्यांच्या तपासणीत, म्हणजे बायोप्सीत, 'मार्श ३' (नुकसान मोजायची श्रेणी) असं लिहिलं असेल, तर अन्न शोषून घेणारे अस्तरावरचे बारीक उंचवटे झिजलेत. ३ सी म्हणजे पूर्ण सपाट.

हा सगळा गव्हाचा प्रताप आहे हे विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञानं १९५० साली आपल्या प्रबंधात मांडलं. उपचार तेव्हापासून एकच: ग्लूटेन पूर्ण आणि कायमचं बंद. ज्वारी, बाजरी, तांदूळ, भगर, राजगिरा, शिंगाडा, सगळ्या डाळी चालतात, म्हणजे उपवासाचं जवळजवळ सगळं ताट. कुरडया, सरगुंडे, शेवया, रव्याचा शिरा, वरण-बट्टीतली बट्टी बंद. सांभारवडीच्या पारीत बहुधा मैदा किंवा कणीक असते. बांधणी हिंगातही अनेकदा मैदा असतो, त्यामुळे डबीवरचे घटक वाचल्याशिवाय फोडणी नको.

पण खरी अडचण चक्कीत आहे. आधीच्या गिऱ्हाईकाचे गहू दळून होतात, चक्कीवाला तुमची ज्वारी वर ओततो, आणि दगडांच्या फटीत, खालच्या कापडी नळीत अडकलेली कणीक तुमच्या पिठासोबत डब्यात उतरते. ग्लूटेन-फ्री लेबलसाठी आपल्याकडची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम ग्लूटेन अशी आहे. कणकेत ढोबळमानानं ८ ते १० टक्के ग्लूटेन धरलं, तर किलोभर ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅम कणीक मिसळली की ही मर्यादा गाठली जाते. पाव ग्रॅम म्हणजे चिमूटभरही नाही! आधी मूठभर ज्वारी दळून चक्की 'साफ' केल्यानं एवढी कणीक निघून जाईल याची खात्री देता येत नाही. म्हणून जमत असेल तर घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गहू कधीच घालू नये. पोळपाट-लाटणं, तवा, पिठाची चाळणी वेगळी ठेवावी, आणि पुऱ्या तळलेल्या तेलात पापड तळू नये.

"एका घासानं का होते, खाऊन घे न!" हे प्रेमानंच म्हटलं जातं, म्हणून त्याला नकार देणं जड जातं, विशेषतः नव्या सुनेला आणि लहान मुलांना. अशा वेळी घरातल्या मोठ्या माणसानं मध्ये पडून सांगावं. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिल्यावर आतड्याला इजा दिसल्याचं अभ्यासात आढळलं आहे; तेवढं अर्ध्या-पाऊण ग्रॅम कणकेत असतं.

बरं वाटायला काही आठवडेही पुरतात, टीटीजी खाली यायला मात्र सहा महिने ते दोन वर्षं लागू शकतात. सहा महिन्यांनी १४२ चे ६० झाले, तर ती निराशेची गोष्ट नव्हे, पथ्य लागू पडतंय. मोठ्या माणसांचं आतडं त्याहून सावकाश भरतं. तोवर दूध पचत नसेल तर ते बहुधा तात्पुरतं असतं. लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनता तपासून घ्यावी. आईवडील, भावंडं आणि मुलांचीही टीटीजी करावी, काही त्रास नसला तरी. जवळच्या नात्यात साधारण तेरा-चौदा जणांत एकाला हा आजार सापडतो.

सणांचं म्हणाल तर महालक्ष्म्यांच्या जेवणात ज्वारीची आंबील आहे, भात आहे, भाज्या आहेत. आंबील त्या घरघंटीच्या पिठाची करावी. पुरणपोळी नको, पण पुरण कणकेला हात लावायच्या आधी वेगळ्या वाटीत काढून ठेवलं, तर तुपाची धार घालून तसंच वाढता येतं.