हरवल्याची नोंद म्हणजे एफआयआर नव्हे

पाकीट गेलं की माणूस पोलीस ठाणं गाठतो, शिक्क्याचा एक कागद घेऊन बाहेर पडतो आणि घरी फोन करून सांगतो, "एफआयआर केला, काळजी करू नका." बऱ्याचदा तो एफआयआर नसतोच. ती कागदपत्रं गहाळ झाल्याची नोंद असते. दोन्ही कागद दिसायला सारखे आणि दोन्ही ठाण्यातूनच मिळतात, म्हणून हा गोंधळ होतो. तो महागात पडतो मात्र काही महिन्यांनी, आपल्या नावावर कुणीतरी कर्ज उचलल्याचं कळतं तेव्हा.

गहाळ नोंदीचा अर्थ एवढाच की अमुक वस्तू अमुक दिवशी हरवली असं तुम्ही पोलिसांना सांगितलं आणि त्यांनी ते लिहून घेतलं. यात गुन्हा घडल्याचा दावा नाही, त्यामुळे तपासही नाही. मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर ही नोंद घरबसल्या करता येते. कागद खरोखरच रिक्षात राहिला असेल, प्रवासात पडला असेल, तर ही नोंद पुरेशी आहे आणि तीच करावी. डुप्लिकेट कागद मिळवायला ती चालते. पुढे गैरवापर झालाच, तर "अमुक तारखेपासून हा कागद माझ्या ताब्यात नव्हता" हे दाखवणारा पुरावाही तोच. म्हणून छोटा कागद हरवला तरी नोंद टाळू नये.

एफआयआर म्हणजे दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकतात अशा गुन्ह्याची, पहिली खबर. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७३ खाली नोंदवली जाते. तिला गुन्हा रजिस्टर क्रमांक पडतो, कलमं लागतात, तपास अधिकारी नेमला जातो. प्रत तक्रारदाराला विनामूल्य द्यावीच लागते. हातातला कागद कोणता, हे ओळखायची सोपी खूण हीच: त्यावर गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि कलम आहे का ते बघा.

दोन्हींमधली निवड होते ती ठाण्यातल्या टेबलावर, पहिल्या दोन वाक्यांत. लोकलच्या गर्दीत पर्सची चेन उघडलेली, आतलं पाकीट गायब. हे "पाकीट पडलं" नव्हे, काढलं गेलं. पण समोरून सल्ला येतो, "ताई, हरवलं असं लिहा, दाखला लगेच मिळेल." दमलेला माणूस हो म्हणतो. इथेच थांबावं, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. चोरी झाली असेल तर चोरीच लिहून द्या. एकदा तुमच्याच सहीनं "गहाळ झालं" असं कागदावर आलं, की पुढे चोरी होती हे पटवणं जड जातं. हद्दीचाही बाऊ करू नका. रेल्वेतला गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे जातो हे खरं, पण झिरो एफआयआर कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो आणि तो नंतर योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. तक्रार ऑनलाइन दिली असेल, तर तीन दिवसांत जाऊन सही करायची.

एक खाचखळगा फार थोड्यांना माहीत असतो. नव्या कायद्यात ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या साध्या चोरीला अदखलपात्र ठरवलं आहे. म्हणजे तिथे एफआयआर नाही, 'एनसी' (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. पाकिटात तीनशे रुपये, आधार, पॅन आणि लायसन्स असेल, तर कायद्याच्या तराजूत ते तीनशेच्याच आसपास भरतं. मला हे खटकतं, कारण चोराला पैशांपेक्षा ते पॅन कार्ड जास्त मिळवून देऊ शकतं. म्हणून जे जे गेलं ते सगळं लिहा: मोबाइल, त्याची किंमत, इअरफोन, रोकड. वाढवून नको, पण विसरूनही नको. दुचाकीवरून येऊन पर्स हिसकावली असेल तर प्रकरण वेगळं. ते भारतीय न्याय संहितेचं कलम ३०४ आहे आणि किंमत कितीही असो, दखलपात्र आहे.

आता गैरवापर. तुमच्या पॅनवर कर्ज निघालं, तुमच्या नावे सिम घेतलं गेलं, तर हा पाकीट गेल्यापेक्षा वेगळा, नवा गुन्हा आहे. जुनी गहाळ नोंद दाखवून भागत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६सी दुसऱ्याची ओळख अप्रामाणिकपणे वापरण्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड सांगतं. हा गुन्हा दखलपात्र आहे. खात्यातून पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बाकी सगळं, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी तो गोठवता आला तरच हाती लागतो. राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार केली की पोचपावती क्रमांक येतो. तोही एफआयआर नव्हे. त्या तक्रारीवर गुन्हा नोंदवला गेला का, याचा पाठपुरावा आपणच करायचा. ठाण्यानं नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना लेखी, टपालानं कळवता येतं, आणि तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज.

डुप्लिकेट काढताना कुठला कागद लागतो? पासपोर्टला पोलिसांचा कागद लागतो. चोरीचा मोबाइल सरकारी यंत्रणेतून ब्लॉक करायलाही तक्रारीची प्रत मागतात. आधार आणि पॅनला मात्र काहीच लागत नाही, दोन्ही ऑनलाइन पुन्हा मागवता येतात. ही सोय आहे, पण याच सोयीमुळे माणूस गाफील राहतो. नवं कार्ड आलं तरी क्रमांक जुनाच असतो, आणि चोराकडच्या कार्डावरही तोच आहे. म्हणून आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. मग तुमच्या बोटाच्या नकली ठशानं कुणाला पैसे काढता येणार नाहीत. तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर बघा. आणि क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांचा अहवाल, मागवा: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा तो फुकट द्यायचाच आहे. त्यात अनोळखी कर्ज दिसलं तर तक्रार तिथेही करा. ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद रिझर्व्ह बँकेनं केली आहे. या तक्रारीला एफआयआरची प्रत जोडलेली असली, की बँकेला "तुम्हीच घेतलं असेल" म्हणणं अवघड जातं. गहाळ नोंदीला तेवढं वजन नसतं.

आणि हरवलेला कागद घरातच सापडला तर? आधार-पॅन वापरायला हरकत नाही, फक्त ठाण्याला कळवून टाका. पासपोर्टचं तसं नाही. हरवल्याचं एकदा कळवलं की तो रद्द होतो. कपाटाच्या तळाशी मिळाला तरी त्यावर प्रवास करू नका, नाहीतर विमानतळावर इमिग्रेशनच्या काउंटरवर अडकाल.