राष्ट्रीय जलउपलब्धतेचे मूल्यमापन

एखाद्या देशाला आज किती पाणी वापरता येते आणि पुढील काही दशकांत किती मिळू शकेल, याचा हिशोब मांडण्याची पद्धत. पाऊस व बर्फ मिळून जे पाणी पडते त्यातून बाष्पीभवन आणि वनस्पतींचे बाष्पोत्सर्जन वजा केले की उरलेले पाणी नद्यांतून वाहते किंवा जमिनीत मुरते. त्यात शेजारी देशांतून वाहत येणारे पाणी मिळवतात. इजिप्तचे जवळजवळ सगळे गोडे पाणी नाईलमधून, म्हणजे सीमेपलीकडून येते. नदीच्या वरच्या अंगाची धरणे वगळून तिथला अंदाज बांधताच येत नाही.

सर्वांत जास्त फसगत बेरजेत होते. कोरड्या हंगामात नदीला असणारे पाणी बहुतांशी झिरपून आलेले भूजलच असते. नदीचा येवा एका रकान्यात, भूजलाचे पुनर्भरण दुसऱ्यात लिहून दोन्ही मिळवले, तर तेच पाणी दोनदा मोजले जाते आणि देश कागदावर संपन्न दिसतो. विहिरींचा उपसा वाढत गेला आणि उन्हाळ्यात नदीच आटू लागली, की ही चूक उघडी पडते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या ‘अ‍ॅक्वास्टॅट’ माहितीसंचात म्हणूनच हा सामाईक हिस्सा वेगळा काढून वजा करतात.

स्वीडनच्या जलशास्त्रज्ञ मालिन फाल्केनमार्क यांच्या निकषानुसार दरडोई वार्षिक उपलब्धता १,७०० घनमीटरांखाली गेली की जलताण, १,००० खाली टंचाई आणि ५०० खाली तीव्र टंचाई मानतात. निकष सुटसुटीत असल्याने सर्वत्र रुळला. पण देशभराच्या वार्षिक सरासरीत कोरडी खोरी आणि कोरडे महिने दोन्ही झाकले जातात. खोरेनिहाय, महिनावार ताळेबंदाला पर्याय नाही.

भविष्याचा अंदाज जुन्या नोंदींवरच बेतला तर काय होते, हे कोलोरॅडो नदीवर दिसते. १९२२ च्या करारात अमेरिकेतील वरच्या व खालच्या खोऱ्याला प्रत्येकी सुमारे ९.२५ अब्ज घनमीटर पाणी दरवर्षासाठी वाटून दिले गेले. हाती असलेल्या नोंदी नेमक्या ओल्या वर्षांच्या होत्या, त्यामुळे नदीत एरवी असते त्यापेक्षा जास्त पाणी वाटले गेले. झाडांच्या वाढवलयांच्या अभ्यासातून ते पुढे सिद्ध झाले. आता हवामान प्रारूपांतून पाऊस व तापमानाच्या अनेक शक्यता घेऊन प्रत्येकीचा प्रवाह काढतात आणि त्यासमोर लोकसंख्या, सिंचन व उद्योगांची मागणी मांडतात. उत्तर एका आकड्यात नव्हे, पल्ल्यात येते. तसेच ते जाहीर करणे प्रामाणिकपणाचे.

२००२ मध्ये सोडलेल्या ‘ग्रेस’ उपग्रहांनी गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म फरकांवरून विस्तीर्ण प्रदेशांतील भूजलाची घट टिपली. मात्र त्यांतून साठ्यातील बदल कळतो, एकूण साठा नाही. त्यासाठी निरीक्षण विहिरी आणि जलधरांचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या थरांचा, भूस्तरीय अभ्यास लागतोच.